इलेक्ट्रिक शॉवर बदलताय? किलोवॅट ठरवण्याआधी केबल बघा

ब्रिटनमध्ये हे घर घेतल्यावर पहिल्या हिवाळ्यात आमच्या बाथरूममध्ये मधूनच मासळी करपल्यासारखा वास यायचा. आम्ही पाण्याची जाळी साफ केली, पंखा बदलला, तरी वास जाईना. मग लक्षात आलं, की कुणी शॉवर घेत असेल तेव्हाच तो येतो, आणि येतो तो छताला लटकणाऱ्या दोरीच्या स्विचमधून. इलेक्ट्रिशियनने मेन बंद करून स्विच उघडला. न्यूट्रलच्या स्क्रूभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी पडलं होतं आणि वायरचं आवरण बोट लावताच बिस्किटासारखं मोडलं. स्विचच्या प्लॅस्टिकचे काही प्रकार तापले की असाच माशासारखा वास येतो, हे मला तेव्हा कळलं.

कारण साधं होतं. आधीच्या मालकाने साडेआठ किलोवॅटचा शॉवर काढून साडेदहाचा लावला होता. केबल जुनीच, स्विच जुना, फ्यूजबोर्डातला एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, तोही जुनाच. शॉवर छान चालत होता, एमसीबी एकदाही पडला नव्हता, म्हणून सगळं ठीक आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

त्या दिवसापासून ओळखीतलं कुणी "शॉवर बदलायचाय, किती किलोवॅटचा घेऊ?" असं विचारलं की मी उलट विचारते, "भिंतीत केबल कोणती आहे?" खोक्यावरचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो. त्याआधी काय काय बघायचं ते इथे क्रमाने लिहिते.

आकडा वाढला की नक्की काय वाढतं

इलेक्ट्रिक शॉवरमध्ये पाणी साठवलेलं नसतं. थंड पाणी एका लहानशा डब्यातून जाता जाता तापतं आणि थेट डोक्यावर येतं. भारतातला साठवणीचा गीझर दोन किलोवॅटमध्ये भागतो, कारण त्याला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. शॉवरला काही सेकंदच मिळतात, म्हणून त्याला त्याच्या चौपट-पाचपट ताकद लागते. ताकद तेवढीच राहिली आणि येणारं पाणी जास्त गार असेल, तर धार बारीक करण्यावाचून शॉवरला गत्यंतर नसतं.

याचं गणित घरच्या घरी करता येतं. किलोवॅटला १४.३ ने गुणा आणि पाणी जितके अंश तापवायचं त्याने भागा, की मिनिटाला किती लिटर पाणी मिळेल ते कळतं. अंगावर घ्यायचं पाणी साधारण ४१ अंश सेल्सिअस धरू. कडक थंडीत नळाचं पाणी ६ अंशांवर असलं तर ३५ अंश तापवावं लागतं. उन्हाळ्यात ते १६ अंशांवर असलं तर २५.

| शॉवर (२४० व्होल्टला) | करंट | थंडीत, मिनिटाला | उन्हाळ्यात, मिनिटाला |
|---|---|---|---|
| ७.५ किलोवॅट | ३१.३ अँपिअर | ३.१ लिटर | ४.३ लिटर |
| ८.५ किलोवॅट | ३५.४ अँपिअर | ३.५ लिटर | ४.९ लिटर |
| ९.५ किलोवॅट | ३९.६ अँपिअर | ३.९ लिटर | ५.४ लिटर |
| १०.५ किलोवॅट | ४३.८ अँपिअर | ४.३ लिटर | ६.० लिटर |

साडेसातचा शॉवर उन्हाळ्यात जेवढी धार देतो, तेवढीच साडेदहाचा थंडीत देतो. ऋतूचा फरक किलोवॅटच्या फरकाएवढाच मोठा आहे. आणि साडेआठवरून साडेनऊवर गेलात तर थंडीत मिनिटाला जेमतेम ०.४ लिटर, म्हणजे चहाचे दोन-तीन कप पाणी वाढतं. कुणाला तेवढंही हवं असेल, त्यात गैर काही नाही. पण त्यासाठी आख्खी केबल नव्याने ओढावी लागणार असेल, तर विचार करूनच ठरवावं.

करंटच्या रकान्याकडेही बघा. साडेआठवरून साडेदहावर गेलं की करंट ३५ वरून जवळपास ४४ अँपिअर होतो, म्हणजे पावपट वाढतो. वायरीत आणि स्क्रूखालच्या जोडात निर्माण होणारी उष्णता मात्र करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ती दीडपट होते. आमचा स्विच याच उष्णतेने भाजून निघाला होता.

पहिलं पाऊल: जुना शॉवर खरंच कमी पडतोय का?

बहुतेक लोक "धार बारीक झालीय" म्हणून मोठा शॉवर आणायला निघतात. पण धार बारीक होण्याचं कारण अनेकदा किलोवॅट नसतं. आधी शॉवरहेड काढून बघा. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी जड आहे. तिथे शॉवरहेडच्या भोकांत चुन्याचा थर वर्षभरातही बसतो. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं तर पुष्कळदा धार पूर्ववत होते आणि विषय तिथेच संपतो.

तरीही शंका राहिली तर एक लहानशी चाचणी करा. शॉवर सर्वांत जास्त ताकदीच्या सेटिंगवर ठेवा, धार अंघोळीला लागते तेवढी करा आणि दोन लिटरचं भांडं भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने शॉवरच्या पाण्याचं आणि थंड नळाच्या पाण्याचं तापमान घ्या. समजा ३४ सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला साधारण साडेतीन लिटर. तापमानातला फरक ३४ अंश निघाला. साडेतीन गुणिले चौतीस भागिले १४.३ केलं की उत्तर येतं ८.३ किलोवॅट. शॉवरवरच्या माहितीच्या पाटीवर साडेआठ लिहिलं असेल तर शॉवर ठणठणीत आहे. उत्तर चार-साडेचारच्या आसपास आलं तर मात्र आतल्या दोन हीटिंग एलिमेंटपैकी एक गेलं असण्याची दाट शक्यता आहे. तसं असेल तर तुमचा शॉवर लहान नाही, आजारी आहे. त्याच ताकदीचा नवा लावला तरी तुम्हाला जमीन-अस्मानाचा फरक जाणवेल.

घरात स्मार्ट मीटर असेल तर आणखी सोपं. त्याच्या छोट्या डिस्प्लेवर त्या क्षणी किती किलोवॅट वापर चालू आहे ते दिसतं. किटली, ओव्हन, वॉशिंग मशीन बंद ठेवा, शॉवर पूर्ण गरमवर चालू करा आणि आकडा किती वाढला ते एक मिनिटभर थांबून बघा.

पाण्याचा दाबही याच वेळी तपासून घ्या. मेनच्या, म्हणजे थेट रस्त्यावरच्या पाइपातून येणाऱ्या थंड पाण्यावर चालणाऱ्या बहुतेक शॉवरना साधारण एक बार (बार हे दाबाचं माप) दाब लागतो; नेमका आकडा प्रत्येक मॉडेलच्या माहितीपत्रकात असतो. दाब त्याहून कमी असेल तर किलोवॅट वाढवून काही साधत नाही. लॉफ्टमधल्या (छपराखालच्या माळ्यावरच्या) टाकीवर चालवायचा असेल तर त्यासाठी पंप असलेला वेगळा प्रकार मिळतो.

दुसरं पाऊल: पाटी वाचा, आणि व्होल्टेजसकट वाचा

प्रत्येक शॉवरवर, बहुधा खालच्या कडेला किंवा झाकणाच्या आत, एक पाटी असते. तिच्यावर बऱ्याचदा दोन आकडे दिसतात: २४० व्होल्टला ९.५ आणि २३० व्होल्टला ८.७. इथे खूप जणांचा गोंधळ उडतो. हे दोन्ही आकडे एकाच शॉवरचे असतात.

ब्रिटनमधलं अधिकृत व्होल्टेज १९९५ पासून २३० आहे आणि त्यात वर दहा टक्के, खाली सहा टक्के इतकी मुभा आहे; म्हणजे २१६ ते २५३. प्रत्यक्षात बहुतेक घरांत २४० च्या आसपास येतं. शॉवरमधलं एलिमेंट तेच राहतं, पण व्होल्टेज कमी झालं की ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे साडेदहाचा २३० व्होल्टला ९.६ होतो, साडेआठचा ७.८ आणि साडेसातचा ६.९. दुकानात एका खोक्यावर ८.७ आणि शेजारच्यावर ९.५ दिसलं तर दुसरा मोठा आहे असं समजू नका. दोन्ही आकडे एकाच व्होल्टेजचे आहेत ना, हे बघून मगच तुलना करा. केबलचा हिशोब करताना मात्र नेहमी २४० व्होल्टचा मोठा आकडा धरा.

जुन्याची पाटी साडेनऊची आणि नवाही साडेनऊचा, म्हणजे झालं काम, असंही मानू नका. आमच्याकडेही पाटी साडेदहाचीच होती. आधीच्या माणसाने चूक केली असेल तर ती पाटीवर दिसत नाही, केबलवर दिसते.

तिसरं पाऊल: केबल

इथे घाई करू नका. मेन स्विच बंद केल्याशिवाय कोणतंही झाकण उघडू नका, आणि दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने वीज खरंच नाही याची खात्री केल्याशिवाय आतल्या वायरींना हात लावू नका. टेस्टर आधी चालू सॉकेटवर तपासा, मग वीज बंद करून शॉवरच्या वायरीवर, आणि शेवटी पुन्हा चालू ठिकाणी. टेस्टरच बिघडलेला असेल तर "वीज नाही" या उत्तराला काही अर्थ नसतो. हे करायला मन धजत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. तपासणीचं काम फार वेळाचं नाही.

शॉवरसाठी सहसा ट्विन अँड अर्थ नावाची चपटी, करड्या रंगाची केबल वापरलेली असते. तिची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात आणि शॉवरला बहुतेक वेळा ६ किंवा १० ची असते. नुसत्या नजरेने या दोन्हींत फसगत होते. खात्रीची खूण आतल्या तांब्याच्या तारेत असते. दोन्हींमध्ये सात तारा पिळलेल्या असतात. ६ च्या केबलमधली एकेक तार साधारण १.०४ मिलिमीटर जाडीची, १० मधली साधारण १.३५ ची. साधा व्हर्नियर कॅलिपर लावला की लगेच कळतं. तार ०.८५ च्या आसपास भरली तर केबल ४ ची आहे. तिच्यावर आजच्या मोठ्या शॉवरची आशा सोडून द्या.

रंगही काही सांगून जातो. लाल आणि काळ्या वायरी दिसल्या तर ती केबल २००६ च्या आधीची आहे, कारण त्यानंतर नव्या कामात तपकिरी आणि निळा हेच रंग सक्तीचे झाले. इतकी जुनी केबल लहान शॉवरसाठी घातलेली असण्याची शक्यता बरीच असते. आणि ही तपासणी तीन ठिकाणी करा: शॉवरच्या आत, दोरीच्या स्विचमध्ये आणि कन्झ्युमर युनिटमध्ये, म्हणजे फ्यूजबोर्डात (त्याचं झाकण मात्र इलेक्ट्रिशियनलाच उघडू द्या, कारण मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरींत वीज असते). स्विचपासून शॉवरपर्यंतचा दोन मीटरचा तुकडा १० चा आणि मागची सगळी केबल ६ ची, असंही पाहायला मिळतं. जिथे केबल सर्वांत बारीक, तीच तुमची केबल.

जाडी कळली तरी अर्धंच उत्तर मिळतं. केबल कुठून गेली आहे, यावर ती किती करंट सोसेल हे ठरतं. केबलमधली उष्णता बाहेर जाऊ शकली पाहिजे. थंडीत दुलई पांघरून बसलो की आपल्याला जसं ऊबदार वाटतं, तसंच लॉफ्टमधल्या इन्सुलेशनखाली केबललाही होतं, फक्त तिथे ऊब हीच अडचण असते. बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग नियमांच्या तक्त्यांत ट्विन अँड अर्थ केबलसाठी असे आकडे आहेत:

- थेट भिंतीवर क्लिपने बसवलेली किंवा प्लॅस्टरमध्ये गाडलेली: ६ ची केबल ४७ अँपिअर, १० ची ६४ अँपिअर.
- इन्सुलेशन भरलेल्या पोकळ भिंतीत, प्लॅस्टरबोर्डला चिकटून: ६ ची ३५, १० ची ४७.
- छताच्या प्लॅस्टरबोर्डवर, १०० मिमीपर्यंतच्या इन्सुलेशनखाली: ६ ची ३४, १० ची ४५.
- तशीच, पण इन्सुलेशन १०० मिमीपेक्षा जाड: ६ ची २७, १० ची ३६.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. ब्रिटनमध्ये आज लॉफ्टमध्ये २७० मिमी जाड लोकरीसारखं इन्सुलेशन घालायची शिफारस होते, आणि ते योग्यच आहे. पण पंचवीस वर्षांपूर्वी पातळ इन्सुलेशनच्या काळात घातलेली ६ ची केबल तेव्हा बरोबर असली, तरी वरून नवं इन्सुलेशन पसरल्यावर तीच कमी पडू लागते. केबलला कुणी हातही लावलेला नसतो. जाड इन्सुलेशनखाली तर १० ची केबलही साडेनऊच्या शॉवरला पुरत नाही. म्हणून टॉर्च घेऊन लॉफ्टमध्ये जाच. केबलला थोडी ढील असेल तर इलेक्ट्रिशियन ती इन्सुलेशनच्या वर उचलून लाकडी तुळयांना क्लिपने बसवू शकतो. एवढ्याशा कामाने नवी केबल ओढणं टळू शकतं.

केबल ज्या एका ठिकाणी सर्वांत जास्त झाकलेली आहे, तिथला आकडा धरायचा. वीस मीटर केबल भिंतीवर मोकळी असेल आणि दोन मीटर इन्सुलेशनमध्ये बुडालेली असेल, तर ते दोन मीटर निर्णय घेतात.

अंतरामुळे व्होल्टेज थोडं पडतं, पण घरगुती शॉवरमध्ये तो सहसा अडथळा ठरत नाही. ६ च्या केबलमधून ४० अँपिअर वीस मीटर नेले तर सहा व्होल्टही पडत नाहीत. मर्यादा साडेअकरा व्होल्टची आहे.

चौथं पाऊल: एमसीबी, आरसीडी आणि दोरीचा स्विच

एक साधा नियम मनात पक्का करा: शॉवरचा करंट एमसीबीच्या आकड्यापेक्षा जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त नको. साडेआठचा शॉवर ३५.४ अँपिअर घेतो, एमसीबी ४० चा, केबल ६ ची भिंतीवर मोकळी म्हणजे ४७. साखळी बरोबर जुळली. साडेनऊलाही हीच साखळी जुळते, फक्त कडेकडेने: ३९.६, ४०, ४७. साडेदहाला ४३.८ अँपिअर लागतात, म्हणून एमसीबी ४५ किंवा ५० चा हवा. ५० चा लावला तर केबलही ५० च्या वरची हवी. म्हणजे १० ची केबल मोकळी असेल तर ६४, छान. पण तीच इन्सुलेशन भरलेल्या भिंतीत असेल तर ४७, आणि साखळी तुटली. तिथे ४५ चा एमसीबीच चालेल.

कृपा करून "एमसीबी पडत नाही म्हणजे बरोबर आहे" असं मानू नका. घरगुती एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तासभर पडणार नाही, अशाच पद्धतीने बनवलेला असतो. ४० च्या एमसीबीसाठी हा आकडा ४५.२ अँपिअर होतो. साडेदहाचा शॉवर ४३.८ घेतो. म्हणजे चुकीच्या एमसीबीवर चुकीचा शॉवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू शकतो, आणि त्या काळात बारीक केबल आणि ढिले जोड हळूहळू भाजत राहतात. याच्या उलट, शॉवर मोठा लावून एमसीबी पडायला लागला म्हणून केबल न बघता मोठा एमसीबी लावणं हे तर आगीला निमंत्रण.

बाथरूमच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की वीज लगेच तोडणारा स्विच, असायलाच हवा. २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी ते बंधनकारक केलं. जुन्या कन्झ्युमर युनिटमध्ये तो नसेल तर शॉवर बदलण्याआधी हा प्रश्न सोडवा. किलोवॅटवर वाद घालण्यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं आहे.

दोरीचा स्विच दोन्ही वायरी तोडणारा, म्हणजे डबल पोल हवा, आणि ४५ किंवा ५० अँपिअरचा. साडेदहाच्या शॉवरसाठी मी ५० चाच घ्यायला सांगेन; किमतीत फार फरक नसतो आणि त्याचे स्क्रू साधारणपणे मोठे असतात. शॉवर बदलताना दहा-बारा वर्षं जुना स्विचही बदलून टाका. रोज दोरी ओढून आतले संपर्क झिजलेले असतात.

पाचवं पाऊल: सगळ्या घराचा भार

मीटरपाशी वीज कंपनीचा मेन फ्यूज असतो. जुन्या घरांत तो ६० अँपिअरचा असू शकतो, अनेक ठिकाणी ८० किंवा १०० चा. एकट्या शॉवरसाठी हे बहुधा पुरतं. पण घरात दोन इलेक्ट्रिक शॉवर असतील तर हिशोबात दोन्ही पूर्ण धरावे लागतात, कारण सकाळी साडेसातला दोन्ही एकदम चालू होणारच. त्यात दारात ३२ अँपिअरचा गाडीचा चार्जर असेल तर ४४ आणि ३२ मिळून ७६ होतात, आणि ओव्हन अजून धरलाच नाही.

फ्यूजवर आकडा दिसत नसेल तर सील तोडून बघायला जाऊ नका. तो तुमच्या भागातल्या वीजवाहिन्यांची जबाबदारी असलेल्या नेटवर्क कंपनीचा असतो. त्यांना फोन करून विचारलं की ते सांगतात, आणि क्षमता वाढवायची असेल तर तेच बदलतात. काही जुन्या वसाहतींत दोन शेजारच्या घरांना एकाच केबलमधून वीज गेलेली असते. तिथे फ्यूज वाढवण्याआधी ती जोडणी सोडवावी लागते, त्यामुळे वेळ हाताशी ठेवा.

मग घ्यायचा कोणता?

केबल ६ ची असेल आणि ती कुठेतरी इन्सुलेशनखालून जात असेल, तर आधी तो भाग मोकळा करून घ्या. तसं करणं शक्य नसेल तर साडेआठचा शॉवरही तिच्यावर लावू नका: त्याला ३५.४ अँपिअर लागतात आणि पातळ इन्सुलेशनखाली केबल ३४ च सोसते. साडेसातचा घ्या, ३२ च्या एमसीबीवर. जाड इन्सुलेशन असेल तर तोही नको. आधी केबलचं काम.

केबल ६ ची, सगळीकडे मोकळी आणि चांगल्या स्थितीत असेल, तर माझं मत साडेआठच्या बाजूने आहे. साडेनऊ आकड्यांत बसतो, पण सगळंच कडेवर येतं, आणि बदल्यात थंडीत मिनिटाला दोन-तीन कप पाणी मिळतं. शिवाय नव्या शॉवरच्या माहितीपत्रकात निर्माता कोणती केबल मागतो ते वाचा. त्याने १० ची मागितली असेल तर तक्ता काहीही म्हणो, १० चीच हवी.

केबल १० ची आणि वाट मोकळी असेल तर साडेनऊ बिनधास्त घ्या. साडेदहा अशा घरात शोभतो, जिथे मेन फ्यूजला जागा आहे, पाण्याचा दाब चांगला आहे आणि तुमच्या भागात थंडीत नळाचं पाणी बर्फासारखं येतं. बाथरूम सगळंच उकरून नवं करत असाल तर आज साडेआठचा शॉवर लावणार असलात तरी केबल १० चीच घाला. टाइल्स बसल्यावर ती बदलणं म्हणजे पुन्हा सगळी तोडफोड.

विजेच्या बिलाचा प्रश्नही लोक विचारतात. एक लिटर पाणी तापवायला लागणारी वीज दोन्ही शॉवरना सारखीच. साडेदहाचा मिनिटाला जास्त पाणी तापवतो, म्हणून आठ मिनिटांच्या अंघोळीला पूर्ण ताकदीवर १.४ युनिट लागतात, साडेआठला १.१३. अंघोळ किती वेळ चालते, हाच खर्चाचा खरा भाग.

कायदा आणि कागदपत्रं

इंग्लंडमध्ये बांधकाम नियमांचा पार्ट पी घरातल्या वायरिंगला लागू होतो. त्याच जागी, त्याच केबलवर, तशाच ताकदीचा शॉवर बदलणं कळवण्याजोगं काम मानलं जात नाही. पण नवं सर्किट ओढणं, कन्झ्युमर युनिट बदलणं किंवा शॉवरच्या आसपासच्या भागात सर्किटमध्ये फेरफार करणं स्थानिक प्रशासनाला कळवावं लागतं. एनआयसीईआयसी किंवा नॅपिटसारख्या योजनेत नोंद असलेला इलेक्ट्रिशियन हे स्वतः कळवतो आणि प्रमाणपत्र देतो. ते प्रमाणपत्र जपून ठेवा, घर विकताना मागतात. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तेव्हा तिथल्या इलेक्ट्रिशियनला आधी विचारा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर शॉवरला स्वतः हात लावू नका, घरमालकाला लेखी कळवा. इंग्लंडमध्ये खाजगी घरमालकाला निदान पाच वर्षांतून एकदा वायरिंगची तपासणी करून घ्यावी लागते. तिचा अहवाल मागून घ्या आणि त्यात शॉवरच्या सर्किटसमोर केबल आणि एमसीबीचे कोणते आकडे लिहिलेत ते बघा. पुष्कळ उत्तरं तिथेच मिळतील.

बसवताना आणि बसवल्यावर

नव्या शॉवरची पाण्याची आणि केबलची तोंडं जुन्याच्याच जागी येतात का, हे खरेदीआधी बघा. नाहीतर टाइल्सना नवी भोकं पडतात. पाइप जोडण्याआधी पाणी बादलीत सोडून आतला गाळ जाऊ द्या. वीज देण्याआधी थंड पाणी सलग, हवेचे फटके न मारता वाहू द्या. डबा कोरडा असताना एलिमेंट तापलं तर शॉवर पहिल्याच दिवशी जातो.

सर्वांत जास्त लक्ष स्क्रूंकडे द्या. वायरीचं आवरण स्क्रूखाली अडकलेलं नको, सातही तारा आत हव्यात, एकही बाहेर सुटलेली नको. स्क्रू घट्ट केल्यावर वायर एकदा हलवा आणि स्क्रू पुन्हा आवळा; जाड वायर हलवली की पहिल्यांदा घट्ट वाटलेला स्क्रू हमखास थोडा फिरतो. मग प्रत्येक वायर जोर लावून ओढून बघा.

पहिली दहा मिनिटांची पूर्ण गरम अंघोळ झाल्यावर कोरड्या हाताने दोरीच्या स्विचच्या झाकणाला स्पर्श करा. किंचित कोमट लागलं तर चालेल. चटका बसला, प्लॅस्टिक पिवळट दिसलं किंवा तो मासळीचा वास आला, तर एमसीबी बंद करा आणि जोड पुन्हा तपासून होईपर्यंत शॉवर वापरू नका. महिनाभराने वीज बंद करून स्विच आणि शॉवरमधले स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्या.